अळणी उन्हाळा

आमच्या घरात मायच्या दुखण्याला दोन नावे होती, तेजी आणि मंदी. अप्पा तुरीचा व्यापार करत, दर आठवड्याला राजेश्वरहून बसवकल्याणच्या बाजारात जात आणि तेच शब्द त्यांच्या तोंडात बसलेले होते. माय अंधारातच उठून चुलीपुढे गाऊ लागली, कामाला आलेल्या बायकांना पेटीतली लुगडी वाटू लागली, एकाच वेळी तीन माणसांशी तीन विषय बोलू लागली, की अप्पा उंबऱ्याबाहेरूनच विचारत, "काय, तेजी का?" आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, वेणी घालायलाही उठेनाशी झाली, की मंदी. यात थट्टा नव्हती. त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता. बायपोलर हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला तो फार पुढे, एका दैनिकात उपसंपादक म्हणून काम करत असताना, बाहेरून आलेल्या एका मजकुरात. त्याचे भाषांतर माझ्याकडे होते. लक्षणांची यादी वाचताना मला ती नवी वाटली नाही. मजकूर वेळेत दिला आणि पुढच्या कामाला लागले.

घरात आम्ही चौघे होतो. अप्पा, माय, मी आणि अक्का. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच होती. सगळे तिला अक्काच म्हणत, मीसुद्धा. माझा धाकटा भाऊ त्या काळात उदगीरला मावशीकडे राहून शिकत होता. अक्का उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला तिखट. स्वयंपाकघर तिचे होते. माय त्यात वावरे, भाकऱ्या थापे, पण कोणत्या डब्यात किती काय आहे ते अक्काला न उघडता ठाऊक असे. मायच्या भाकरीबद्दल मात्र वाद नव्हता. कागदासारखी पातळ, अख्ख्या तव्याएवढी, काठाला कुठे चीर नाही. वाळवून ठेवलेल्या त्या कडक भाकऱ्यांची चवड शिंक्यात असे आणि तिला धक्का लागला की वाळक्या पानांसारखा आवाज होई. सकाळी मला जाग येई ती माय परातीत भाकरी थापत असल्याच्या आवाजाने. दोन हातांचा, एकसारखा. तो आवाज जलद असला की तेजी जवळ आली असे मी धरून चाले. तो आलाच नाही की मंदी.

माय आणि अक्का रोज भांडत. ताकात पाणी किती, अंबाडीला फोडणी लसणाची की मिरचीची, साय कुणी खाल्ली. "माझ्या भावाचं घर हाय," असे अक्का म्हणे. "आन माझ्या नवऱ्याचं न्हाई व्हय?" असे माय म्हणे. हे रोजचे होते. त्यामुळे मायच्या मंदीत घर शांत होई तेव्हा सगळ्यांत जास्त अस्वस्थ अक्का असे. ती भांडी आपटे, मुद्दाम चुकीची फोडणी घाले, काही उत्तर येते का पाही.

दुखणे डोक्याचे असले तरी त्यावरचे उपाय पोटातून जातात, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नसे. मायच्या ताटातून वर्षानुवर्षे काही ना काही काढले जात होते किंवा त्यात घातले जात होते. शेजारच्या शेवंताकाकूंनी सांगितले म्हणून वांगे बंद झाले. तूर उष्ण म्हणून तुरीच्या व्यापाऱ्याच्या बायकोला मुगाचे वरण. बिदरच्या एका हकिमाने दिलेला चांदीचा वर्ख लावलेला गोड चाटणवजा खमीरा, तो मी चोरून चाखलेला आहे. कोहळ्याचा रस, खसखस घातलेले दूध, टाळूवर ब्राह्मीचे तेल. ते तेल अक्का स्वतः चोळे, इतक्या जोराने की माय ओरडे, "अक्का, डोस्कं बरं करायलाव का काढून घ्यायलाव?" एका पाहुण्याने चहा सोडायला सांगितला. तो सुटला आणि मायला झोप बरी लागू लागली, एवढे मी स्वतः पाहिले आहे. अक्काने आणखी एक गोष्ट स्वतःच्या मनाने सुरू केली होती. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात जेवण, आणि जेवण झाले की मायचे अंथरूण. पाहुणे असोत, भजन असो, ती मायला उठवून नेई. "ह्या बाईची झोप गेली की हिचं डोस्कं जातंय," असे ती म्हणे. पुढे डॉक्टरांनीही जवळजवळ हेच सांगितले.

हे सगळे आता लिहायला कारण झाले ते माझ्या भाच्याच्या फोनमुळे. भाऊ आता नाही, त्याचा मुलगा बिदरला मैलूरमध्ये राहतो. त्याची मुलगी कॉलेजात आहे आणि तिला गेल्या हिवाळ्यात हेच निदान झाले. तो रोज मला फोनवर काही ना काही पाठवतो. गोळ्यांविना बायपोलर, सात पदार्थांनी मूड काबूत, अक्रोड, जवस, अश्वगंधा, पहाटेचे ऊन. त्याने विचारले, "आत्या, आजीला तुम्ही खायला काय देत होता? ती तर शेवटपर्यंत बरी होती म्हणं." मी म्हटले, लिहून पाठवते. दोन ओळींत लिहिता येईल असे वाटले होते.

आमच्याकडे वेळ अमावस्येला, थंडीत, सगळे गाव शेतात जेवते. आम्ही तिला येळवस म्हणतो. रानातल्या सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवून भज्जी करतात, ज्वारीचे आंबवलेले अंबिल असते, आणि आपल्या शेतावरून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. भाऊ उदगीरला होता त्या काळातल्या एका वर्षी मायने दोन दिवस आधीपासून तयारी केली. आमच्या शेताच्या कडेने रस्ता होता. माय भज्जीचे पातेले घेऊन रस्त्यात उभी राहिली आणि तिने बसवकल्याणकडे जाणारी बस थांबवली. ड्रायव्हर हसत खाली उतरला. मग सगळी बस उतरली. माणसे बांधावर बसून जेवली, माय वाढत होती, गात होती, प्रत्येकाला गाव विचारत होती आणि प्रत्येक गावात तिचे कुणीतरी निघत होते. लोक खूश होते. कंडक्टर अप्पांना म्हणाला, "अण्णा, घरात लक्ष्मी हाय तुमच्या." त्या दिवशी माय जे करत होती ते धर्माचेच होते, त्यामुळे त्याला आजार कुणी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सण संपला होता आणि माय पुन्हा पातेले घेऊन रस्त्यात उभी होती. तिसऱ्या दिवशीही. बस थांबेना तेव्हा ती बसपुढे आडवी झाली. अप्पा आणि दोन गडी यांनी तिला उचलून आणले. तिने अप्पांच्या हाताला घेतलेला चावा पुढे बरेच दिवस दिसत होता.

तिला गुलबर्ग्याला नेले. कलबुरगी हे नाव नंतरचे. तिथे मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, वयाने मायएवढ्याच, जाड भिंगांचा चष्मा, बोलणे दखनी उर्दूतले, मध्येच कन्नड. मायला तिथे ठेवून घेतले. परत आली ती गोळ्या घेऊन. त्या गोळ्यांचे नाव लिथियम. घरात त्यांना गुलबर्ग्याच्या गोळ्या म्हणत. बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्या मी माझ्या कानांनी ऐकल्या. गोळी जेवणानंतर घ्यायची, कधी चुकवायची नाही. रक्त तपासायला वरचेवर यायचे. आणि नेहमीसारखे जेवायचे, पाणी भरपूर प्यायचे. पहिल्या गोष्टीकडे सगळ्यांनी लक्ष दिले. दुसरी एकदा झाली. नंतर माय बरी दिसू लागली, गुलबर्गा लांब, बस बदलावी लागे. तिसरी गोष्ट कुणी सूचना म्हणून ऐकलीच नाही. नेहमीसारखे जेवा, हे तर पाहुण्यांनाही म्हणतात.

चैत्रात मामा आला. मायचा थोरला भाऊ, मादन हिप्परग्याला शेती करणारा, स्वभावाने मोकळा आणि सल्ल्याला उदार. त्याला त्याच सुमारास रक्तदाबाचा त्रास निघाला होता, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले होते आणि त्याने ते जवळजवळ सोडूनच दिले होते. जेवताना त्याने ताटातले मीठ बाजूला सारले.

"कामून ओ, भाजी खारट झाली का?" अक्काने विचारले.

"न्हाई अक्का, मीठ सोडलंय मी. आधी डोस्कं कसं भणभण करायचं. लेकराच्या अंगावर धावून जायचो. आता बघा, गाईवानी झालाव."

"गाय कसली, बैल," माय म्हणाली. ती त्या दिवशी बरी होती.

"हस तू. बीपी बी डोस्क्यात चढतंय, तुझंबी डोस्क्यात चढतंय. रगत तापतंय मिठानं. दाजी, मी सांगतो, हिचं मीठ बंद करा."

अप्पा म्हणाले, "डॉक्टरला इचारावं लागंल."

"मीठ सोडायला डॉक्टर कशाला लागतोय? आपल्या बायका अळणी शनवार धरत्यात, त्या काय डॉक्टरला इचारून धरत्यात?"

हे म्हणणे बिनतोड होते. आमच्या घरातही अळणी वार होते. मीठ सोडणे म्हणजे शरीर निर्मळ करणे, हे इतके जुने होते की त्यात धोका असू शकतो, हा विचार कुणाच्या मनाला शिवण्याचे कारण नव्हते. पण पथ्य म्हणून माय ते पाळणार नाही, हे अक्काला माहीत होते. वांगे बंद असताना ती शेवंताकाकूंकडे जाऊन भरले वांगे खाऊन आलेली होती. म्हणून अक्काने ते पथ्य ठेवले नाही, नवस केला. मंगळवारी देवीपुढे मायला उभे केले आणि बोलली की गंगूचं डोकं शांत राहू दे, दसऱ्यापर्यंत आम्ही दोघी नणंद-भावजय अळणी खाऊ. दोघी, असे ती म्हणाली. मायने वळून तिच्याकडे पाहिले. "तुम्ही कशाला? तुमाला काय झालंय?" "तू खायलीस का न्हाई ते बघायला कुणीतरी पायजे की," अक्का म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. अप्पांचा आणि माझा मिठाचा, त्या दोघींचा बिनमिठाचा. अक्का नियमाला पक्की. लोणचे नाही, पापड नाही, शेंगदाण्याच्या चटणीतही मीठ नाही, ताकात चिमूटभर टाकतात तेही नाही. आमच्याकडे ताट वाढताना पहिल्यांदा वरच्या बाजूला मीठ वाढतात. त्या दोघींच्या ताटांत ती जागा रिकामी असे. मी एकदा अळणी भाजीचा घास घेऊन पाहिला. ती वाईट नव्हती. ती भाजी नव्हतीच, नुसते शिजलेले काहीतरी होते. उन्हाळा तापू लागला होता, पत्र्याखाली दुपारी बसवत नसे, आणि माय घामाने निथळत त्या भाकरीचे तुकडे ताकात बुडवून मुकाट्याने खाई.

आणि ती निवली. हे मी नोंदवायला हवे, कारण घडले तसेच घडले. पहिले काही दिवस माय इतकी शांत झाली की अप्पा बाजाराच्या गावी मुक्कामाला राहू लागले. तिचे बोलणे हळू झाले. ती भांडेना, पण मंदीत पडे तशी पडतही नसे, बसलेली असे, विचारले तर उत्तर देई. गावात बोलबाला झाला की मीठ सोडले आणि गंगूबाई ठिकाणावर आली. शेजारच्या बायका अक्काला विचारायला येऊ लागल्या. एकीचा नवरा दारू पिई, एकीचा मुलगा शाळेत बसेना. "मीठ सोडा," अक्का सांगे. पुढे मला कळले की त्या शांतपणाचेही कारण होते. शरीराला मीठ मिळेनासे झाले, वरून घाम, की मूत्रपिंडे बाहेर टाकायचे ते औषध धरून ठेवतात. माय तीच गोळी घेत होती, पण तिच्या रक्तात औषध साठत चालले होते. आम्हाला जो गुण दिसत होता तो त्याच्या पहिल्या पायरीचा होता.

मला फरक कळला तो भाकरीच्या आवाजावरून. एका सकाळी तो अडखळत आला. मी उठून पाहिले तर मायची बोटे थरथरत होती आणि भाकरी काठाला फाटत होती. तिने ती गोळा करून पुन्हा थापली, पुन्हा फाटली. तिसऱ्या वेळी अक्काने परात ओढून घेतली. "अशक्तपणा हाय. उनाचा." मग ताक वाढवले, अळणीच. दोन दिवसांनी माय उंबऱ्याला अडखळली. मग उलट्या, जुलाब. बोलू लागली तर जीभ जड, शब्द एकमेकांना चिकटलेले. परसातून परत येताना ती भिंत धरून चालत होती, प्यायलेल्या माणसासारखी. अक्काने तिला मांडीवर घेऊन साखरेचे पाणी पाजले. त्यात मीठ घालायचे असते हे अक्कालाही माहीत होते, जुलाबाला सगळेच तसे देतात. नवस होता म्हणून तिने घातले नाही.

दार उघडे होते आणि गाव पाहत होते. शेवंताकाकू ओसरीवर बसलेल्या बायकांना म्हणाल्या, आवाज खाली न करता, "दोन सैपाक कामून होत होते म्हणं ह्या घरात? भावजयीचा येगळा, भावाचा येगळा?" अक्का आतून बाहेर आली. "माझाबी तोच होता," ती म्हणाली. "एकाच पातेल्यातलं. मीबी तेच खाल्लंय, चैतापसून. मला काय झालंय? बघा की." तिने दोन्ही हात पुढे केले. ते स्थिर होते. त्या वेळी मला वाटले की तिने स्वतःला निर्दोष ठरवले. पण तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर दिसले की ती खरेच विचारत होती. एकाच पातेल्यातले दोघींनी खाल्ले, मग एक उभी आहे आणि एक आडवी, हे कसे?

निरोप मिळाल्यावर अप्पा बाजारातून जीप घेऊनच आले. त्यांनी गोळ्यांची बाटली उचलली आणि अंगणात भिरकावली. "ह्याच गोळ्यांनी घात केलाय. आता एक बी द्यायची न्हाई. कंदीच." मी बाटली उचलून घेतली, डॉक्टरांना दाखवायला लागेल म्हणून. जीपमध्ये मायचे डोके अक्काच्या मांडीवर होते. हुमनाबाद मागे पडेपर्यंत माय अधूनमधून डोळे उघडत होती. नंतर उघडेना. अक्का तिच्या गालावर चापट्या मारत होती. "गंगे, ए गंगे. भांड की माझ्याशी. साय मीच खाल्ली व्हती. ऐकायलीस का?"

डॉक्टरीणबाईंनी मायच्या पापण्या उचलून पाहिल्या, हात उचलून सोडले, रक्त काढायला सांगितले आणि आमच्याकडे वळल्या. "गोली कब से बंद है?"

"आज सकाळपसून," अप्पा म्हणाले. "आन आता बंदच."

"आज बंद करे सो अच्छा करे," बाई म्हणाल्या. "हमेशा के वास्ते बंद करना, वो मैं बोलूंगी, तुम नक्को बोलो. खाने में क्या फरक करे? सच बोलो, मैं गुस्सा नै करती."

"काई न्हाई," अक्का म्हणाली. "उलट पथ्य पाळायलाव. मीठ बंद केलंय चैतापसून. अजाबात."

बाईंनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत, ते खरे. त्यांनी नर्सला कन्नडमध्ये काहीतरी सांगितले आणि नर्स धावत गेली. थोड्या वेळाने मायच्या हाताला सुई लावून वर बाटली टांगली. अक्का त्या बाटलीकडे पाहत होती. थेंब पडत होते.

"काय हाय त्यात?" तिने नर्सला विचारले. नर्सला मराठी येत होती. "मीठपाणी," ती म्हणाली.

अक्काने पुन्हा विचारले. "मीठ?"

"मीठ."

बाईंनी मग स्टुलावर बसून तिला समजावून सांगितले, दखनीत, सावकाश. तुम्ही खाल्ले ते आणि हिने खाल्ले ते एकच होते, पण तुम्ही गोळी घेत नव्हता. या गोळीला मीठ आणि पाणी रोजच्याइतकेच लागते. कमी झाले की गोळी विष होते. अक्का ऐकत होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "पण मी देवीला बोललीव, दसऱ्यापतूर."

"देवी को मेरा नाम बोलो," बाई म्हणाल्या. "बोलो, डॉक्टरनी ने तुडाई."

मायची शुद्ध यायला काही दिवस लागले. त्यातले दोन असे होते की बाईंनी अप्पांना बाजूला घेऊन नातेवाइकांना कळवून ठेवा म्हटले. मामा आला. तो वॉर्डाच्या दारात उभा राहिला आणि आत येईना. अक्काने त्याला हाताला धरून आणले. "तुमी सांगिटलं, मी केलं," ती म्हणाली. "आता दोघंबी इथंच बसू." ते दोघे मायच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून राहिले, आणि त्यांच्यात त्यावर पुन्हा शब्द झाला नाही.

रक्तातले औषध उतरत गेले तशी माय परत आली, आधी डोळ्यांनी, मग बोटांनी. गोळ्या पुन्हा सुरू करायच्या की नाही यावर अप्पांनी दोन दिवस वाद घातला. बाईंनी त्यांना येळवसची आठवण करून दिली, आणि त्यांच्या हातावरच्या चाव्याचीही. कमी गोळी, ठरलेले रक्त तपासणे, मीठ नेहमीइतके, कमी नाही आणि जास्तही नाही. झोप, जेवणाच्या वेळा, चहा बंद, हे चालू ठेवा, ते तुम्ही चांगले केलेत, असे त्या अक्काकडे पाहून म्हणाल्या. अक्काने मान वर केली नाही.

भाच्याला मी हेच कळवणार आहे. मुलीला अक्रोड खाऊ दे, जवस खाऊ दे, पहाटेच्या उन्हात बसू दे. त्याने नुकसान होत नाही, झोप नीट लागली तर फायदाच होतो. पण ताटात काही नवे घालण्याआधी किंवा त्यातून काही काढण्याआधी, मग ते मीठ असले तरी, गोळी देणाऱ्याला विचार. मी डॉक्टर नाही. मी फक्त तिथे होते.

घरी आल्यावर एकच स्वयंपाक होऊ लागला. माय पहिल्यांदा भाकरी करायला बसली तेव्हा आवाज अजून अडखळत होता, पण भाकरी फाटली नाही. जेवायला बसलो. माय वाढत होती. तिने अप्पांच्या ताटात मीठ वाढले, माझ्या, आपल्या. अक्काने आपल्या ताटावर हात आडवा धरला.

"मला नको."

"कामून?"

"देवीचं हाय ते. माझं व्हऊ दे दसऱ्यापतूर."

सगळ्यांना कळत होते की ते देवीचे नव्हते. दवाखान्यातही अक्का बाहेरून आणलेल्या डाळीला हात लावत नव्हती, कोरडी भाकरी पाण्याबरोबर खात होती. मायने मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ भरली आणि ती अक्कापुढे धरून उघडली.

अक्का मागे सरली. "अगं, हातावर मीठ देत्यात व्हय? भांडण होतंय त्यानं."

"होऊ द्या," माय म्हणाली. "किती दिस झाले भांडून."

अक्का हलली नाही. माय म्हणाली, "तुमी घ्या, मग मी जेवते. मी जेवल्याबिगर गोळी न्हाई. डॉक्टरीणबाईनी सांगिटलंय." तिचा आवाज सपाट होता, बाजारात भाव सांगावा तसा. तिचा हात मात्र पुन्हा थरथरू लागला होता आणि मीठ कडेने ताटात पडत होते. अप्पांनी मोडलेला भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता. मग अक्काने हात पुढे केला आणि मायने मूठ त्यावर पालथी केली. अक्काने त्यातले चिमूटभर भाजीत घातले, बाकीचे कुठे ठेवावे हे न कळून तसेच धरून ठेवले आणि डाव्या हाताने डोळे पुसले. "लई घातलंस," ती म्हणाली. "काय हात हाय का फावडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती त्या दोघींच्या आवाजाने. अंबाडीच्या फोडणीवरून चालले होते. लसूण, मिरची, माझ्या भावाचं घर, माझ्या नवऱ्याचं न्हाई व्हय. शेवंताकाकू कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. अप्पा ओसरीवर बसून ऐकत होते. माय दवाखान्यात गेल्यापासून ते एकदाही बाजाराला गेले नव्हते. आत पातेले आपटल्याचा आवाज आला, मग दुसरे पातेले, अक्काचे नव्हे, मायचे. अप्पा उठले, चपला घातल्या, पिशवी काखेत धरली.

"भाव टिकला म्हणायचा," ते म्हणाले, आणि बसकडे निघाले.